आठ रविवारांची वही

ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तपकिरी पुठ्ठ्याची, शंभर पानांची, शाळकरी मुले वापरतात तसली. तिच्या पहिल्या चोवीस पानांवर आठ रविवारांसाठी आठ प्रार्थना लिहिलेल्या आहेत. त्यांतल्या चार पूर्ण वाचल्या गेल्या, पाचवी अर्ध्यावर थांबली आणि उरलेल्या तीन कोणीच वाचल्या नाहीत. पुढची पाने कोरी आहेत. खण उघडताना ती हाताला लागते, आणि लागावी म्हणूनच मी ती तेथे ठेवली आहे.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. महाडात बाजारपेठेच्या तोंडाशी एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भाड्याची खोली आहे, तेथे दर रविवारी सकाळी नऊला आम्ही उपासनेसाठी जमतो. सगळे आले तर तीस-पस्तीस माणसे भरतात. काही शहरातली, काही पोलादपूरकडून एसटीने येणारी. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, पनवेलकडे राहतात. ते महिन्यातून एकदा येतात आणि त्या दिवशी प्रभुभोजनाचा विधी होतो. इतर रविवारी मंडळीचा वडील, म्हणजे तिने निवडलेला ज्येष्ठ, या नात्याने उपासना मी चालवतो. तिच्यात एक दीर्घ प्रार्थना असते. आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, शेतीसाठी, राज्य चालवणाऱ्यांसाठी, सर्वांच्या वतीने एकाने उभे राहून देवापुढे विनंती करायची. आमच्याकडे ती छापील पुस्तकातून वाचण्याचा प्रघात नाही. मनातून जे येईल ते बोलायचे. तीस वर्षे ती प्रार्थना मी केली.

मनातून येईल ते, असे म्हणालो खरा. पण ते पूर्ण सत्य नव्हे. माझे बालपण एका वृद्ध शास्त्र्यांच्या ओटीवर गेले. ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा संस्कृत शिकायला येतो याचे त्यांना कधी नवल वाटले नाही. एवढेच म्हणत, की उच्चार स्वच्छ असावा आणि वाक्य अर्धवट टाकू नये. पुढे हायस्कुलात पस्तीस वर्षे मी तीच भाषा शिकवली. त्यामुळे देवापुढे विस्कळीत बोलणे मला मानवत नसे. शनिवारी संध्याकाळी मी खिडकीशी बसत असे आणि दुसऱ्या दिवशीची प्रार्थना मनात रचीत असे. कोणते विशेषण कोठे शोभेल, कोणत्या वाक्यावर श्वास घ्यायचा, सारे ठरलेले असे. रविवारी ती ओठांवर अशी येई की ऐकणाऱ्याला वाटावे, आत्ताच सुचली.

घरात मात्र हे गुपित नव्हते. माझी पत्नी पोलादपूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावची. तिचे आईवडील ती लहान असताना ख्रिस्ती झाले. लग्नाला पंचेचाळीस वर्षे होत आली, पण तिची बोली महाडातल्या शिकलेल्या वस्तीत राहूनही बदलली नाही, आणि ती बदलावी असे मला आता वाटत नाही; पूर्वी वाटत असे. ती भाकरी थापताना प्रार्थना करते, वाळत घातलेले कपडे काढताना करते, मध्येच थांबून कढीला उकळी आली का ते बघते आणि पुन्हा सोडलेल्या ठिकाणापासून सुरू करते.

शनिवारी मी खिडकीजवळून उठलो की तिचे ठरलेले असे. "झाला का अभ्यास?"

"झाला."

"परीक्षा कुणाची हाय गो बाई," ती आतल्या आत कोणाला तरी सांगितल्यासारखे म्हणे, "यांची की देवाची?"

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझा आवाज बसला. थंडीचा असेल म्हणून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला, हळद घालून दूध घेतले. मार्च गेला. एप्रिलमध्ये प्रार्थनेच्या ऐन मध्यावर शब्द तुटू लागले, आणि एका रविवारी वाक्याचा शेवट नुसता ओठांनी झाला, आवाजाशिवाय. येथल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवले. तेथे नळी घालून तपासले, तेव्हा डाव्या स्वरतंतूवर गाठ दिसली.

तिथले डॉक्टर तरुण आणि सरळ बोलणारे होते. "गाठ काढावी लागेल. ती कसली आहे ते तपासणीला पाठवल्यावर कळेल. ऑपरेशननंतर दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचेसुद्धा नाही. पुढे दीड महिना चारचौघांत बोलणे बंद."

"आवाज परत येईल ना?" मी विचारले.

"येईल. पण किती येईल, ते आज मी सांगितले तर खोटे बोलल्यासारखे होईल."

"मला प्रार्थना चालवायची असते," मी म्हणालो.

ते किंचित हसले. "आजोबा, मनातल्या मनात करायला मी कुठे बंदी घातलीय?"

त्यांना मी काय सांगणार? मनातल्या मनात प्रार्थना करणे मला साधलेच नव्हते. डोळे मिटून गप्प बसलो की माझे मन भरकटे. देवाशी माझे जे बोलणे होते ते माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या माझ्या आवाजातून होत आले होते. आवाज गेला तर मास्तरकी गेली याचे दुःख नव्हते, ती आधीच संपली होती. गाठ वाईट निघाली तर मरण येईल, तेही या वयात अनपेक्षित नव्हते. मला भय होते ते वेगळेच. जिवंत राहून मुका झालो, तर देवाला मी आणि मला देव कसा सापडणार? हे भय मी कोणाला सांगितले नाही. ज्याने तीस वर्षे इतरांना विश्वास ठेवा म्हणून सांगितले, त्याला ते सांगता येत नाही.

त्याऐवजी मी वही आणली. ऑपरेशन जूनच्या पहिल्या आठवड्यात होते. त्यानंतरचे आठ रविवार मी उभा राहू शकणार नव्हतो. प्रत्येक रविवारसाठी एक, अशा आठ प्रार्थना लिहून ठेवायच्या आणि दुसऱ्या कोणी त्या वाचायच्या, म्हणजे मंडळीच्या उपासनेत खंड पडणार नाही, असे मी ठरवले. मनाशी मी त्याला कर्तव्य म्हणत होतो. मे महिन्याच्या उन्हात, घामाने कागद हाताला चिकटत असताना, मी रोज एक प्रार्थना लिहिली. इतकी सुबक प्रार्थना मी आयुष्यात कधी केली नव्हती. ऋतुमान लक्षात घेतले. जूनमध्ये शाळा उघडतात म्हणून दुसऱ्या रविवारी मुलांसाठी विनंती घातली. तिसऱ्या रविवारी पाळक येणार होते, म्हणून त्यांच्या उपस्थितीबद्दल आभार घातले. त्याआधीची दोन वर्षे जुलैच्या सुरुवातीला पावसाने ओढ देऊन लावणी खोळंबली होती. म्हणून पाचव्या रविवारच्या प्रार्थनेत पावसासाठी आर्त मागणी लिहिली. त्या मागणीवर माझा फार जीव होता.

पत्नी चहा ठेवून गेली, परत आली, वहीत डोकावली. तिला लिहिता-वाचता येते, पण माझी वाक्ये वाचायला तिला वेळ लागतो.

"हे कुठल्या रविवारचं?"

"पाचव्या. जुलैतल्या."

"जुलैत काय होनार हाय ते तुम्हाला मे मध्येच ठावं?"

"साधारण अंदाज असतो. देवाला काही तारखेची अडचण नाही."

"देवाला नाय," ती म्हणाली. "आमाला हाय. आमी त्या दिवशी तिथं बसनार."

घसा दुखतो, असे मी खुणेने सांगितले.

प्रार्थना वाचण्याचे काम मी एसटीच्या निवृत्त कंडक्टरांकडे सोपवले. ते पोलादपूरचे, माझ्याहून चार वर्षांनी लहान, मनाने निर्मळ आणि आवाजाने खणखणीत. एकच दोष होता. उभ्या आयुष्यात त्यांनी जे मोठ्याने म्हटले ते थांब्यांची नावे होती, त्यामुळे काहीही वाचले तरी दर चार शब्दांनी गाडी थांबल्यासारखी वाटे. मी त्यांना समोर बसवून दोन वेळा वाचून घेतले.

"सर, हा शब्द फार लांब हाय," ते म्हणाले.

"मध्ये थांबू नका. एका श्वासात घ्या."

"घेतो. पन मधी कुनी उतरनार नाय ना, बघून घ्या."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही वीर स्टेशनवर गाडी धरायला निघालो. रिक्षावाला माझा जुना विद्यार्थी निघाला. गावातल्या मुसलमान वस्तीतला, काही वर्षे आखातात काढून परत आलेला. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि ओळखले.

"सर, आठवीत तुम्ही मला रूपं पाठ न केल्याबद्दल दारात उभं केलं होतं."

"मग झाली का पाठ?" मी घोगऱ्या आवाजात विचारले.

"दारात उभं राहून बाकीच्यांची ऐकली, तीच राहिली डोक्यात." मग पत्नीने त्याला आम्ही कुठे आणि कशासाठी चाललो ते सांगितले. स्टेशनवर सामान उतरवून झाल्यावर तो म्हणाला, "मी नमाजात तुमच्यासाठी मागेन. शब्द मला अरबीतले येतात तेवढेच येतात. बाकीचं तो समजून घेतो."

तेव्हा ते वाक्य मला केवळ सौजन्याचे वाटले.

ऑपरेशन झाले. शुद्धीवर आलो तेव्हा घशात निखारा ठेवल्यासारखे वाटत होते आणि पत्नी पायाशी बसली होती. तिने शाळेतली छोटी पाटी आणली होती, पेन्सिलीसकट. पहिल्या दिवशी मी तिच्यावर पूर्ण वाक्ये लिहीत होतो. तिसऱ्या दिवसापर्यंत 'पाणी', 'खिडकी', 'दुखते' एवढ्यावर आलो. शुक्रवारी घरी सोडले. दहाव्या दिवशी तपासणीचा निकाल आला, गाठ निरुपद्रवी होती. पत्नीने फोन खाली ठेवला, पदराने डोळे पुसले आणि ओट्याकडे जात म्हणाली, "देवा, बरं केलंस." एवढीच तिची आभाराची प्रार्थना. एक भय टळले होते, मोठे भय जागच्या जागी होते.

दोन आठवडे संपले त्या सकाळी मी गच्चीवर गेलो आणि पहिला शब्द उच्चारून पाहिला. ज्याला हाक मारायची त्या देवाचेच नाव घेतले. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, घाई करू नका, सूज आहे. जुलै लागला तरी हवाच येत होती.

रविवारी मात्र माझी वही बोलत होती. मी पहिल्या रांगेत बसत असे आणि कंडक्टर माझी प्रार्थना वाचत. माझी वाक्ये दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात मला जे सुख होत होते, त्याला भक्ती म्हणणे आज धाडसाचे वाटते. तिसऱ्या रविवारी पाळकांची गाडी माणगावच्या पुढे बंद पडली आणि ते आलेच नाहीत. कंडक्टरांनी तरीही खणखणीत आवाजात, 'आज आमच्यामध्ये उपस्थित असलेल्या' पाळकांबद्दल देवाचे आभार मानले. मागच्या बाकावर दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. उपासना संपल्यावर कंडक्टर माझ्याजवळ आले.

"सर, मला दिसत व्हतं ते नाय आलेले. पन तुमी लिवलंय म्हनून वाचलं."

मी पाटीवर लिहिले, 'क्षुल्लक चूक.' त्यांनी ती वाचली आणि मान डोलावली. चौथा रविवार बरा गेला.

पाचव्या रविवारच्या आधी तीन दिवस पाऊस कोसळत होता. आंबेनळी घाटाच्या बाजूचे डोंगर दिसेनासे झाले होते. शुक्रवारी दुपारी नगरपालिकेचा भोंगा वाजला, आणि सावित्री नदीचे पाणी सखल पेठांत शिरले. महाडच्या माणसाला हे नवे नाही. दुकानदार माल माळ्यावर चढवतात, गाड्या उंचावर नेऊन लावतात आणि पाणी कोणत्या पायरीला लागले ते एकमेकांना फोनवर सांगत बसतात. या वेळी ते जोत्यावर चढले आणि शनिवारी ओसरले. मागे घोटाभर चिखल ठेवून गेले. शिवथरच्या खोऱ्यात कोणाकोणाची नुकती लावलेली रोपे वाहून गेल्याचे ऐकू येत होते.

रविवारी पाऊस थांबला होता. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर चिखल होता. अकरा माणसे आली. त्यांत एका बाईचे शिवणकामाचे दुकान होते. दोन यंत्रे पाण्यात बुडाली होती आणि गिऱ्हाइकांचे कापड चिखलात गेले होते. तिच्या नखांत अजून तो चिखल दिसत होता. कोणी घर धुऊन आले होते, कोणाला दोन रात्री झोप नव्हती. गीत झाले, तेही पेटीशिवाय, कारण पेटी वाजवणारा पलीकडच्या काठाला अडकला होता. मग कंडक्टर उठले, वही उघडली आणि पाचव्या रविवारचे पान काढले.

मला आठवले. त्याच क्षणी आठवले, आधी नाही. तीन दिवस पाऊस पाहत होतो, पण वहीतली प्रार्थना आणि खिडकीबाहेरचा पाऊस यांची माझ्या मनात एकदाही गाठ पडली नव्हती. मी अर्धवट उठलो, हात वर केला. कंडक्टरांचे डोळे वहीवर होते.

"हे करुणासागरा परमेश्वरा," ते वाचू लागले, "तुझी तृषार्त धरित्री, आकाशाकडे दृष्टी लावून बसली आहे. तुझ्या मेघांची द्वारे उघड. आमच्या अंगणांतून, आमच्या वाटांवरून, जलधारांचे लोट वाहू दे. विलंब नको, प्रभो. तू दिलेस तर..."

ते थांबले. थांब्यावर थांबल्यासारखे नव्हे. गाडीसमोर काही आडवे आल्यावर थांबावे तसे. खोलीत कोणी हसले नाही, आणि तेच मला सोसवेना. शिवणकाम करणारी बाई खाली आपल्या हातांकडे पाहत होती.

"सर," कंडक्टर हळूच म्हणाले, "फुडं वाचू?"

मी तोंड उघडले. हवा आली. पाटी घरी राहिली होती. सर्वांनी माझ्याकडे पाहिले आणि मी, ज्याने आयुष्यभर वाक्य अर्धवट टाकले नाही, तसाच अर्धवट उभा राहिलो.

तेव्हा माझी पत्नी बायकांच्या बाजूने उठली. आमच्याकडे बायका गीत सुरू करतात, दानाची थैली फिरवतात. ही प्रार्थना मात्र कोणी बाईने केली नव्हती. तशी मनाई नव्हती. मीच कधी जागा सोडली नव्हती. तिने पदर डोक्यावर घेतला आणि घरात बोलते त्याच आवाजात सुरू केले.

"बापा, पानी लय झालं. हिची दोन यंत्रं गेली, ती चालू व्हतील असं कर. नाय झाली तर हिला दुसरं कायतरी दाखव, पन हिच्या हातातलं काम काढू नको. लोकांचं कापड ग्येलं, त्यांनी हिला बोलू नये. पेटीवाला पलीकडं अडकलाय, त्याला सुखरूप आन. कंडक्टरभाऊंचं कायबी चुकलं नाय." येथे ती थोडी थांबली. "यांचा आवाज. तुझं तू बघ. द्यायचा तर दे. पन नाय दिलास तरी तुझं यांना ऐकू येऊ दे. तेवढं मातर राहू दे. आमेन."

सर्वांनी आमेन म्हटले. मी ते ओठांनी म्हटले.

माझे भय मी तिला कधी सांगितले नव्हते. इतकी वर्षे एका घरात राहून माणूस काय काय ऐकत असतो, आणि त्यासाठी समोरच्याने बोलण्याची किती थोडी गरज असते, हे मला त्या ओल्या खोलीत कळले. आणि तिने माझ्यासाठी जे मागितले ते मी स्वतः मागितले नव्हते. मी फक्त माझा आवाज मागत होतो.

घरी येऊन पाटी घेतली आणि लिहिले, 'तू उठलीस म्हणून.' वाक्य तसेच टाकून पाटी तिच्यापुढे धरली. तिने वाचले. "मग काय करू? कंडक्टर बिचारा फुडची पूर आननारी प्रार्थना वाचनार व्हता," ती म्हणाली आणि भात टाकायला गेली.

त्या दुपारी मला अरण्यात चाललेल्या इस्राएल लोकांची कथा आठवली. मुलांना ती मी अनेकदा शिकवली आहे. त्यांना खायला काही नव्हते, तेव्हा देव रोज सकाळी दंवासारखा मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारे अन्न, जमिनीवर पसरवीत असे. ज्याने त्याने त्या दिवसापुरता वेचायचा. काहींनी भीतीने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. मुलांना मी सांगत असे की ती माणसे हावरट होती. आता वाटते, ती बहुधा हावरट नसावीत. जबाबदार असावीत. घरात लेकरे असतील, उद्या सकाळी जमीन कोरडी निघाली तर काय, असा विचार त्यांनी केला असेल. मडके झाकून ठेवताना त्यांना आपण शहाणपण करीत आहोत असेच वाटले असेल. मी आठ रविवार झाकून ठेवले होते. उद्या देव काय करील याचा भरवसा नसल्यामुळे नव्हे; मी नसताना तो काही करील, याचा भरवसा नसल्यामुळे.

हे लिहायला सोपे आहे. त्या दिवशी ते मान्य करायला मला संध्याकाळ लागली, आणि वही खणात टाकायला आणखी दोन दिवस.

सहाव्या रविवारी कंडक्टर वही मागायला आले, तेव्हा मी मान हलवली आणि पाटीवर लिहिले, 'प्रत्येकाने एक वाक्य. बसल्या जागेवरून.' पहिल्यांदा फार अवघड गेले. लोक एकमेकांकडे पाहत. मग शिवणकामाच्या बाईने एक यंत्र सुरू झाल्याबद्दल आभार मानले. पेटीवाला म्हणाला, "काठावर भजी खाऊ घालणाऱ्या माणसाला आशीर्वाद दे," आणि सारे हसले, डोळे मिटलेले असतानाच. कंडक्टरांनी सर्वांत लहान वाक्य केले आणि मध्ये एकदाही थांबले नाहीत. माझी पाळी आली तेव्हा खोली गप्प राहिली. मी डोळे मिटून बसलो. मन भरकटले, मी त्याला परत आणले, ते पुन्हा गेले. पण त्या शांततेत मी एकटा आहे असे वाटले नाही. याहून अधिक मी सांगू शकत नाही. याहून कमी सांगितले तर कृतघ्नपणा होईल.

ऑगस्टच्या शेवटी आवाज आला. एका सकाळी पत्नीला दूध उतू जात असल्याचे सांगायला गेलो आणि शब्द निघाला, खरखरीत, दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा. तिने गॅस बंद केला आणि वळून म्हणाली, "परत बोला." मी पुन्हा 'दूध' म्हणालो. ती खाली बसली.

पण तो पूर्वीचा आवाज नव्हे आणि पूर्वीइतका नाही. डॉक्टर म्हणतात, आता एवढाच राहील असे दिसते. सकाळी उठल्यावर तो असतो. पंधरा-वीस मिनिटांचे बोलणे झाले की झिजू लागतो, आणि दुपारी जेवणापर्यंत संपतो. उरलेला दिवस पाटी आहेच. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा आलेला असतो. आधी मी त्याचा फार हिशेबीपणे वापर केला. शनिवारभर गप्प राहिलो तर रविवारी दुप्पट मिळेल, असे वाटले. तीन आठवडे करून पाहिले. रविवारी तेवढाच मिळाला, पंधरा-वीस मिनिटांचा.

गेल्या शनिवारी सकाळी मी पवित्र शास्त्र उघडून पत्नीला त्या दिवसाचा अध्याय वाचून दाखवायला बसलो. ती मटार सोलत होती.

"आज कशाला वाचताय?" ती म्हणाली. "उद्या रविवार हाय. तुमची पाळी येनार. गप बसा, उद्याला ठेवा."

"ठेवून राहत नाही," मी म्हणालो.

तिने मटाराचे ताट जवळ ओढले आणि माझ्यापुढे मूठभर शेंगा टाकल्या. "मग सोलता सोलता वाचा."

वाचता वाचता सोलणे मला जमत नाही. तिला ते ठाऊक आहे. मी वाचू लागलो, आणि अध्यायाच्या शेवटच्या दोन ओळींवर आवाज संपला. त्या दोन ओळी तिने माझ्या खांद्यावरून वाकून, बोट ठेवून, सावकाश वाचल्या.